बाजारच्या दिवशीची गोळी

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी लसूण सोलत होते. "मॅडम, औषधाच्या खिडकीतले गमतीदार अनुभव लिहा, वाचकांना आवडतात," असं ते म्हणाले. गमतीदार अनुभव माझ्याकडे पोतंभर आहेत. त्यातले एक-दोन सांगते आणि मग जे सांगायला बसले आहे ते सांगते. ते गमतीदार नाही. छापायचं नसेल तर संपादकांनी पहिलं पान ठेवावं आणि बाकीचं रद्दीत घालावं.

मी मूळची नशिराबादची. धुळ्याला सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीत बसले ती केस पांढरे होईपर्यंत. हुद्द्याचं नाव औषधनिर्माण अधिकारी. जन्मात एक औषध निर्माण केलं नाही, आणि अधिकार म्हणाल तर खिडकीची कडी आतून लावण्याचा. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायची, मी ती वाचायची, गोळ्या मोजून द्यायच्या आणि कशा घ्यायच्या ते सांगायचं. लोकांना वाटतं, यात शिकायचंय काय? किराणावालाही डाळ मोजून देतो. फरक इतकाच की डाळ जास्त झाली तर फार तर पोट फुगतं.

शिंदखेड्याकडचे एक आबा होते. दम्याची कॅप्सूल एका छोट्या यंत्रात घालून तिची पूड तोंडाने आत ओढायची असते. आबा तीन महिने ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होते आणि यंत्रात तंबाखूचा चुना ठेवत होते. मी विचारलं, "आबा, काही फरक?" आबा खूश होऊन म्हणाले, "भलता फरक पडना बाई. चुना सुकत नही आते."

यावर दवाखाना आठवडाभर हसला. पण त्याच महिन्यात साक्रीकडची एक ऊसतोडीला जाणारी बाई परत आली. तिला मी जखमेवरच्या गोळ्या दिल्या होत्या, जेवणानंतर, दिवसातून तीनदा. जखम चिघळली होती. मी तिच्यावर ओरडले, "गोळ्या घेतल्या नाहीस ना?" ती शांतपणे म्हणाली, "लिन्यात ना बाई. जेवन झाया का एक. पन तीन येळ जेवन कोठे ऱ्हास? आम्ही एकच येळ खातस." तेव्हा कुणी हसलं नाही. त्या दिवसापासून मी गोळी हातात देण्याआधी विचारायला लागले. किती वेळा जेवता, काम काय करता, घरी चिठ्ठी कोण वाचतं, पाणी कुठून आणता. रांग वाढायची, मागचे लोक शिव्या घालायचे, मी बधायची नाही. खिडकीच्या आत मी होते आणि कडी माझ्या हातात होती.

आता त्या पिवळ्या गोळीबद्दल सांगावं लागेल. सांधे सुजतात, बोटं वाकडी होतात, अशा संधिवातावर मेथोट्रेक्सेट नावाची एक बारीक पिवळी गोळी देतात. ती आठवड्यातून एकदा घ्यायची. आठवड्यातून एकदा घेतली तर माणूस पुन्हा भाकरी थापायला लागतो. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, हिरड्यांतून रक्त येतं, अंगात नवं रक्त तयार होणंच थांबतं. आमच्या धंद्यात ज्या गोळ्यांची भीती बाळगायची त्यांत ही वरच्या नंबरात आहे. पण 'आठवड्यातून एकदा' हे वाक्य खिडकीतून बाहेर पडलं की रस्त्यात कुठे सांडतं ते कळत नाही. घरी पोहोचतं ते 'रोज एक'. कारण जगातल्या बाकी सगळ्या गोळ्या रोजच घ्यायच्या असतात.

यावर मी एक युक्ती काढली होती. खेड्यात आठवडा मोजतात तो बाजारावर. सोमवार-मंगळवार चुकेल, पण बाजार चुकत नाही. म्हणून मी विचारायची, "तुना बजार कोनता?" त्यांनी गावाचं नाव सांगितलं की मी म्हणायची, "मग त्या बजारना दिन ही गोळी. बाकीना दिवस हात लावाना नही." माझी अहिराणी ऐकून बाया तोंडाला पदर लावायच्या, पण गोळी बरोबर घ्यायच्या. सगळ्या नोकरीत या गोळीची एकही चूक माझ्या खिडकीतून गेली नाही. याचा मला फार अभिमान होता. होता म्हणते आहे.

निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून धुळ्यातल्याच एका खाजगी फार्मसी कॉलेजात शिकवायला लागले. तिथली मुलं म्हणजे डॉक्टरकीचे मार्क पडले नाहीत म्हणून आलेली. निम्म्यांना 'मेडिकल टाकायचं' होतं. काहींना फक्त प्रमाणपत्र हवं होतं, म्हणजे ते दुसऱ्याच्या दुकानाच्या भिंतीवर टांगायचं आणि आपण भलताच उद्योग करायचा. मुलींचं शिक्षण बायोडाटासाठी. पेशंट नावाचा प्राणी त्यांच्या कुणाच्या स्वप्नात येत नव्हता. मी त्यांच्यावर चिडायची आणि तरीही वर्गात जायची. सवय वाईट.

मुलांनी शेवटी तीन महिने दवाखान्यात प्रत्यक्ष काम करायचं असतं. आमच्या कॉलेजने एका धर्मादाय दवाखान्याशी बोलणी केली होती आणि देखरेखीला मला नेमलं होतं. त्याच वर्षी मॅनेजमेंटने पुण्याहून एक तज्ज्ञ आणले. पांढरा शर्ट, हातात लॅपटॉप. कोणता विद्यार्थी रुग्णसेवेला योग्य आणि कोणता अयोग्य, हे स्वभाव तपासून आधीच ठरवता येतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी चाळीस प्रश्नांचा फॉर्म वाटला. तुम्हाला अनोळखी माणसांशी बोलायला आवडतं का? गर्दीत तुम्ही प्रसन्न असता का? मुलं हुशार. दोन दिवसांत कोणत्या उत्तराला किती मार्क ते त्यांनी शोधून काढलं आणि अख्खा वर्ग एकाएकी प्रसन्न झाला. शेवटचा रकाना मात्र देखरेख करणाऱ्याने भरायचा होता. रुग्णसेवेस योग्यता, दहापैकी गुण आणि शेरा. तो रकाना माझा.

मी त्या तज्ज्ञांची टिंगल करायची. म्हणायची, माणूस ओळखायला फॉर्म कशाला लागतो? माझे डोळे काय गहाण पडलेत?

रोहित शिंदखेडा तालुक्यातला. उंच, नीटनेटका, हसरा. खिडकीत उभा राहिला की रांगेचा जीव शांत व्हायचा. "ये वं अक्का, बस जरासी, पानी पी," असं म्हणून सुरुवात करायचा. म्हाताऱ्या त्याच्या गालावरून हात फिरवायच्या. एक म्हातारबा तर त्याच्यासाठी शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन यायचे. मला वाटायचं, एवढ्या वर्षांत शेवटी एक तरी सापडला.

भाग्यश्री रावेरकडची, केळीवाल्या शेतकऱ्याची मुलगी. बारीक अंगाची, चेहऱ्यावर कायम कुणीतरी रागावल्यासारखा भाव. अहिराणी तिला नीट येत नव्हती, ती आपली शाळेतल्या मराठीत बोलायची, आणि विचारायची. ही गोळी कधीपासून? आधी कोणती होती? ती संपली की थांबवली? घरात आणखी कुणाला चालू आहे? एकेका पेशंटला दहा मिनिटं. लोक माझ्याकडे तक्रार करायचे. एक बाई म्हणाली, "ती पोर पोलीस शे का वं माय? चौकशीच करस." मी भाग्यश्रीला खिडकीतून काढून आतल्या स्टोअरमध्ये साठा मोजायला बसवलं. ती वही उचलून आत गेली.

मीच एकेकाळी रांग खोळंबवत होते, हे मला तेव्हा आठवलं नाही. आठवलं असतं तरी वाटलं असतं की माझी गोष्ट वेगळी.

वर्गात मी माझी बाजाराची युक्ती मोठ्या रुबाबात सांगितली होती. "आठवड्यातून एकदा म्हणू नका. बाजारच्या दिवशी म्हणा. पुस्तकात हे सापडणार नाही." मुलांनी लिहून घेतलं. भाग्यश्रीने हात वर केला. "मॅडम, बाजार कोणता धरायचा? पेशंटच्या गावचा, की तो जिथे जातो तिथला?" मुलं हसली. मलाही ते फाटे फोडणं वाटलं. मी म्हटलं, "तू आधी चेहरा हसरा ठेवून खिडकीत उभी राहायला शीक." वर्ग आणखी हसला. ती खाली बसली.

तिने विचारलं होतं ते बरोबर तेच होतं, जे मी तीस वर्षं प्रत्येक पेशंटला विचारत आले. 'तुना बजार कोनता?' या प्रश्नाशिवाय ती युक्ती फुकट होती. पण तो प्रश्न माझ्या इतका अंगवळणी पडला होता की तो शिकवावा लागतो, हे मला कळलंच नाही. मी मुलांना उत्तर दिलं आणि प्रश्न माझ्याकडेच ठेवला.

मग गिरजा अक्का आली. साक्रीकडची, पंचावन्नच्या आसपासची. बोटांचे सांधे सुजलेले, मूठ मिटत नव्हती. डॉक्टरांनी पिवळी गोळी लिहिली, तीन महिन्यांसाठी, आठवड्यातून एकदा, अगदी स्वच्छ अक्षरात. खिडकीत रोहित होता आणि त्याच्या मागे मी उभी होते. मी सगळं ऐकलं.

"कशी शे अक्का? हात भलता दुखस का?"

"दुखस ना रे भाऊ. रातदिन ठणकस."

"व्हई जाई बरा. हाई पिवयी गोई शे ना, ती बजारना दिन लेवानी. बजारले निंघानं का एक गोई. ध्यानमा ऱ्हाई ना?"

अक्का हसली. "ऱ्हाई ना. बजार कसा भूलसू मी?"

त्याने तिला पट्टी दिली. सरकारी नोकरीत मी पट्टी कापून चारच गोळ्या द्यायची. इथे पट्टी कापली की उरलेल्या गोळ्यांवरची तारीख जाते म्हणून अख्खी दहाची पट्टी द्यायचा नियम होता. अक्काने ती पदराच्या गाठीत बांधली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत काचेच्या बांगड्यांनी भरलेले होते. ते मी पाहिलं. हौशी दिसतेय बाई, एवढंच मनात आलं. ती गेल्यावर मी रोहितच्या पाठीवर थाप मारली. शाबास म्हटलं.

बाराव्या दिवशी शनिवार होता. तज्ज्ञांना संध्याकाळी पाचला सगळे फॉर्म हवे होते. मी आतल्या टेबलावर बसून शेवटचा रकाना भरत होते. भाग्यश्री वही घेऊन आली.

"मॅडम, एक विचारू?"

"आता काय गं?"

"गिरजाबाई नावाच्या पेशंटला बारा दिवसांपूर्वी पिवळ्या गोळीची पट्टी गेली. आज दुपारी त्याच चिठ्ठीवर दुसरी गेली. पहिली दहा आठवडे पुरायला हवी होती."

"हरवली असेल. उंदराने नेली असेल."

"आज त्यांना तोंड आल्यावरचं मलमही दिलंय, मॅडम. रोहितने."

पिवळी गोळी आणि तोंडात फोड. हे दोन शब्द एकत्र ऐकले की आमच्यातल्या कुणीही हातातलं काम टाकून उठायचं असतं. मला ते माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी कुणालाही सांगू शकत नाही. पण पुढ्यात अजून अकरा फॉर्म होते, आणि ही पोरगी रोहितच्या चुका काढते आहे असंही मला वाटलं. मी म्हटलं, "सोमवारी बघू. तू तुझं स्टोअर सांभाळ."

"मॅडम, चिठ्ठीवर फोन नंबर नाहीये, पण गावाचं नाव—"

"भाग्यश्री!"

ती गेली. मी पुढचा फॉर्म ओढला. योगायोग म्हणा, तो तिचाच होता. मी लिहिलं, दहापैकी चार. शेरा, 'अभ्यासू आहे, परंतु प्रश्न फार विचारते. रुग्णांसमोर उभी करण्यास अयोग्य.' रोहितचा आधीच भरून झाला होता. दहापैकी नऊ. 'रुग्णांशी जन्मजात आपुलकी. अत्यंत योग्य.'

सोमवारी सकाळी मी पोहोचले तर भाग्यश्री दारातच उभी होती. चपला धुळीने माखलेल्या. रविवारी ती एकटीच एसटीने साक्रीला जाऊन पुढे जीपने त्या गावात गेली होती. घराला कुलूप होतं. अक्काला सकाळीच धुळ्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. आणि या पोरीने, तिच्या सवयीप्रमाणे, शेजाऱ्यांना विचारलं होतं की अक्का काम काय करतात.

"बांगड्या विकतात, मॅडम," ती म्हणाली. "बाजारात बसून. आज एका गावचा, उद्या दुसऱ्या. आठवड्याचे सहा बाजार करतात."

सहा बाजार, म्हणजे आठवड्याच्या सहा गोळ्या.

ज्या दवाखान्यात माझी सगळी नोकरी गेली त्याच्या बायकांच्या वॉर्डात मी अक्काजवळ उभी राहिले. तिचे ओठ फुटले होते, चादरीवर रक्ताचे डाग होते. पायथ्याशी तिचा नवरा बसला होता, टोपी हातात घेऊन. त्याला सगळे नाना म्हणत. मुलंबाळं कुठे आहेत विचारलं तर म्हणाला, "पोर बजारले जायेल शे. जागा रिकामी ठी तं दुसरा बसी जास." अक्काने मला ओळखलं. खिडकीच्या मागे उभी असलेली बाई. ती बोलायला बघत होती, मी नको म्हटलं तरी.

"एक बी दिन चुकाडा नही बाई," ती म्हणाली. "बजारले निंघनी का पयले गोई. त्या पोऱ्यानी सांगेल व्हतं ना. बोटं वयाले लागी ग्यात जरासी." आणि तिने मला मूठ मिटून दाखवली. खरोखरच मिटत होती.

गोळी कशी घेतली गेली ते मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी उतारा सुरू केला होता, पण उशीर झाला होता. जाता जाता ते तिच्या नवऱ्यावर ओरडले, "एक दिवस आधी तरी आणायचं ना! घरी बसून काय बघत होता?" नाना खाली मान घालून म्हणाले, "चुकनं साहेब." मी शेजारी उभी होते. शनिवार मला माहीत होता, डॉक्टरांना नव्हता. मी तोंड उघडलं नाही. एवढ्या वर्षांत मी कितीतरी लोकांवर ओरडले, पण त्या म्हाताऱ्याला माझ्या वाटची बोलणी खाऊ दिली, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता इथे लिहिते आहे.

अक्का चौथ्या दिवशी गेली.

पुढचं ज्यांनी नोकऱ्या केल्यात त्यांना सांगायला नको. दवाखाना म्हणाला, मुलगा कॉलेजने पाठवलेला. कॉलेज म्हणालं, खिडकी दवाखान्याची. मी माझ्या नावाने सगळी हकिकत लिहून दिली, फॉर्म भरत बसले त्या शनिवारासकट. प्राचार्यांनी ती दोनदा वाचली, फाईलला लावली आणि मला चहा मागवला. शेवटी कागदावर जे वाक्य उरलं ते असं होतं: 'रुग्णाने औषध चुकीच्या पद्धतीने घेतले.' सांगितलं ते अक्षरशः पाळणारी माझ्या ओळखीतली ती एकमेव पेशंट असेल.

रोहित दोन दिवस रडला. खोटं रडला असं मी म्हणणार नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, मी तर तुम्ही शिकवलं तेच सांगितलं." ते खरं होतं. आता तो नाशिकला एका औषध कंपनीत आहे. नव्या मुलांना ग्राहकाशी कसं बोलावं ते शिकवतो. शिक्षकदिनाला न चुकता मला फुलांचं चित्र पाठवतो. कॉलेजच्या माहितीपत्रकावर त्याचा फोटो आहे. मुलगा वाईट नाही. त्याला माणसं आवडतात, आणि त्याहून जास्त आवडतं ते माणसांना आपण आवडणं. मी या दोहोंत फरक करू शकले नाही, आणि मी म्हणे माणसं ओळखत होते.

भाग्यश्रीचा शेरा बदलायला मी ऑफिसात गेले. क्लार्क म्हणाला, "मॅडम, शीट वर गेलं, आता बदलता येत नाही." त्या धर्मादाय दवाखान्यात एक जागा निघाली होती. त्यांनी शीट बघितलं आणि तिला बोलावलंच नाही. ती गुजरातमध्ये एका औषधाच्या कारखान्यात लागली. पट्ट्या बरोबर भरल्या जातात की नाही ते यंत्रापाशी उभं राहून तपासायचं. मी नोकरी सोडून जळगावला राहायला आल्यावर तिला एकदा फोन केला. म्हटलं, "परत ये गं, मी ओळखीच्या दवाखान्यांत शब्द टाकते. तुझ्यासारख्या मुली खिडकीत पाहिजेत." ती म्हणाली, "नको मॅडम. इथे बरं आहे. इथे कितीही प्रश्न विचारले तरी गोळ्या रागवत नाहीत." तिने हे कुत्सितपणे म्हटलं नाही, तिला ते येतच नाही. म्हणून ते जास्त लागलं.

तज्ज्ञ अजून येतात म्हणे. आता फॉर्ममध्ये साठ प्रश्न आहेत.

एक गोष्ट राहिली. अक्काला जाऊन दोन महिने झाल्यावर मी साक्रीला गेले. नानांना भेटून खरं काय ते सांगायचं असं ठरवून निघाले होते. एसटीतून उतरले तर समोर बाजार भरलेला. मिरच्यांचे ढीग, टोपल्या, कोंबड्या, आरडाओरडा. कडेला एका ताडपत्रीखाली बांगड्यांचं दुकान होतं आणि एक पंचविशीची मुलगी बायांच्या हातात बांगड्या भरत होती. नाक-डोळे हुबेहूब अक्काचे. वॉर्डात ती मला कधी भेटली नव्हती, तिने मला ओळखायचं कारण नव्हतं. मी नुसतीच उभी राहिले. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "बसा ना बाई. भरी देस."

मी बसले. तिने माझा हात हातात घेतला, पण बांगडी उचलली नाही. आधी तळवा दाबून पाहिला, मग अंगठ्याचं मूळ, मग एकेक बोट. माझेही सांधे हल्ली सुजतात, कुणाला सांगत नाही. तिला ते लगेच कळलं.

"आठे दुखस ना?" ती म्हणाली. "मंग जरासी सैल भरस." आणि मग विचारलं, "तुम्ही काय काम करतस बाई?"

"का गं? ते कशाला लागतं?"

"इचारनं पडस. भाकरी थापनारीले एक माप, चारा कापनारीले दुसरं. बिगर इचारता भरी तं काच फुटीसन हातमा जास. मनी मायनी शिकाडेल शे."

मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. हात मात्र तिच्याच हातात होता. मी म्हटलं, "मी औषधं द्यायची. धुळ्याला. तुझ्या आईला ती पिवळी गोळी आमच्या खिडकीतून गेली. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची होती. आम्ही तिला बाजारच्या दिवशी घे म्हणून सांगितलं. चूक आमची होती, तिची नव्हती. नानांची तर नव्हतीच. आणि वेळेवर कळलं होतं तेव्हाही मी उठले नाही."

ती तीन-चार बांगड्या भरून थांबली होती. बाजार चालूच होता. मग तिने विचारलं, "मनी मायले कोनीच इचारं नही? ती काय काम करस म्हनी?"

"नाही."

तिने मान हलवली. पुढची बांगडी उचलली, माझं अंगठ्याचं हाड जपून दाबलं आणि ती सरकवली. मग आणखी एक. हात अर्धा भरलेला ठेवून त्यांच्यात बाईला उठवत नाहीत. तिने दोन्ही हात पुरे भरले. एकही काच फुटली नाही, कुठे दुखलं नाही. मी पर्स उघडली तर तिने माझा हात बाजूला सारला आणि म्हणाली, "जा बाई आते."

मी उठले. माझ्या जागी कडेवर पोर घेतलेली एक बाई बसली. मुलीने तिचा हात धरला, तळवा दाबून पाहिला आणि विचारलं, "काय काम करस वं माय तू?"